वळसा

शहाद्याहून पहाटे साडेचारची जीप,
धडगावला चहा, मग घाट, मग रस्ता संपतो
आणि पाणी सुरू होतं.
सात जणांचे पैसे भरले, माणशी साडेतीनशे,
धबधबा, दुपारचं जेवण आणि नारिंगी जाकीट धरून.
जाकिटाला आधीच्या कुणाच्या घामाचा वास.
सुपडूभाऊ, निवृत्त पोस्टमास्तर, पट्टा ओढत
तोंडातल्या तोंडात: "हाई मन्हा पोटवर बसत नही."

नाव चालवणारा वेस्ता. वेस्ता पावरा.
होडी फायबरची, निळी, कुठल्याशा योजनेतली,
तो तिला डोंगाच म्हणतो.
वल्हं मात्र सागाचं, घरचं,
मुठीपाशी इतकं झिजलेलं
की त्याला हात लावायचा मला संकोच वाटला.

"हलू नका. हसायचं तर बसून हसा."
सुरक्षेचं भाषण एवढंच.

नर्मदा इथे वाहत नाही, साचून असते.
सपाट पाण्यापलीकडे, दोन डोंगरांच्या फटीत
पांढरी रेघ दिसत होती,
फार तर तासाभराची वाट, दोरी ताणल्यासारखी.
पण वेस्ता सरळ जाईना.
थोडं डावीकडे, मग थांबून उजवीकडे,
मग रिकाम्या पाण्यातच एक मोठा वळसा,
जणू मध्ये कुणी बाज टाकून निजलंय.

सुपडूभाऊंची हयात टपालाच्या वाटा जोखण्यात गेलेली.
"भाऊ, सरळ का जात नही? पैसा तितलाच ना?"

वेस्तानं वल्हं उचललं. टोकावरून थेंब पडत राहिले.
"खाली दाज्याचं घर आहे," तो म्हणाला.
"घरावरून कोण जातं?"

सातही जण खाली वाकलो, डोंगा कलला,
तो ओरडला, सातही जण सरळ झालो.
तेवढ्यात दिसलं ते एवढंच:
हिरवं, त्याखाली काळं, आणि मध्ये आपलीच तोंडं.

"दार उघडं आहे का?" माझी भाची, नऊ वर्षांची.
"कवाड वर आणलं. खांब आणले. कौलंही.
चूल राहिली."
मग तो बराच वेळ काही बोलला नाही,
फक्त एका ठिकाणी वल्हं आडवं धरून
डोंगा आपोआप सरकू दिला, आवाज न करता.
कुणाचं घर, ते विचारायला
आमच्यातलं कुणी धजलं नाही.

धबधब्याचा आधी गारवा आला, मग आवाज,
मग चष्म्यावर इतके तुषार की धबधबाच दिसेना.
"किती उंच?" मी ओरडून विचारलं.
"आधी दहा परस. आता सहा."
"आणि चार?"
"चार खाली उभे आहेत. कोरडा कडा होता तो,
आता पाण्यात पाणी पडतं."

सुपडूभाऊ बनियनवर धारेखाली उभे राहिले,
डोळे मिटून, दोन्ही हात जोडून,
पण देव कुठला ते त्यांनाही ठाऊक नसावं.
पळसाच्या पानावर ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ,
आणि मिरचीचा ठेचा, ज्यानं भाची रडली
आणि रडत रडत आणखी मागून खाल्ला.

परतीला मी वल्हं मागितलं.
वेस्तानं दिलं, स्वतः पुढे तोंड करून बसला.
पाठ माझ्याकडे, विडी पेटलेली.
मी डावीकडे घेतलं. थांबले. उजवीकडे कापलं.
मग, सकाळची आठवण ठेवून,
रिकाम्या पाण्यात एक मोठा, काळजीपूर्वक वळसा.

तो मागे न वळता हसला.
"इथं काही नव्हतं, ताई. नुसतं शेत होतं.
शेतावरून जाता येतं.
पेरलेलं नसलं तर."

मी वल्हं पाण्यातच धरून ठेवलं.
डोंगा होता तिथं हळूहळू फिरू लागला.
सुपडूभाऊ घड्याळ बघत होते.
धडगावची शेवटची गाडी पाचला.